हिरवं पाणी, नितळ पाणी

सास्तूर
१८ एप्रिल

शांतम्मा,

हे पत्र तुझ्या आईसाठी हाय. तिला मराठी बोलता येतं, वाचता येत न्हाय, म्हणून तुझ्या मुरूमच्या पत्त्यावर टाकतेय. बाजाराला ती तुझ्याकडं येईल तवा वाचून दाखव, आन् जसं लिहिलंय तसंच दाखव. तुझी खोड मला ठाऊक हाय. कडू लागलं की मधलं गाळायचं आन् गोड तेवढं कन्नडात सांगायचं. ह्या वेळी तसं केलंस तर माझ्याशी गाठ हाय.

नीलम्मा, फोन का उचलत न्हाईस? तुझा बंद लागतो आन् शांतीचा वाजून वाजून कट व्हतो. म्हणून सातवीपर्यंत शिकलेल्या बाईनं कागद घेतलाय. माझं अक्षर वाकडं हाय, पण डोकं अजून सरळ हाय.

वीस वर्सं झाली. शिमगा सरला की तुमचा कळप आमच्या मोकळ्या रानात येतो. दिवसा आमची धस्कटं खातो, रात्री वाघरीच्या जाळीत बसतो, आन् सकाळी रानाला खत मिळालेलं असतं. त्याबद्दल मी तुला ज्वारी देते. त्यात ना तू कधी घासाघीस केलीस ना म्या. आन् परवा सकाळी काय केलंस? ते ज्वारीचं पोतं तुझ्या लेकाच्या, बसवराजच्या डोक्यावर देऊन आणलंस, माझ्या उंबऱ्यावर उपडं केलंस आन् अख्ख्या आळीदेखत म्हणालीस, "बेडा अक्का. तुझ्या पाण्यानं मारलं माझं लेकरू लेकरू."

बेडा म्हंजे नको, एवढं कन्नड मला येतं.

मी तिथंच उभी व्हते. तोवर मी रानात जाऊन बघून आलेच व्हते ना. जाळीत निम्म्या मेंढ्या आडव्या पडलेल्या. काही पाय झाडत व्हत्या, काहींच्या तोंडाला हिरवा फेस. ती बोरी, तुमची घंटीवाली, मान वर करायला बघत व्हती आन् मान उचलत नव्हती. म्या तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती माझ्या मांडीवर गेली, नीलम्मा. तू त्या वेळी दुसऱ्या मेंढ्यांना उठवत व्हतीस, तुला दिसलं न्हाय.

आता ऐक. आमी शेततळ्यात औषध टाकलेलं न्हाय. फवारणीचा पंप तिथं धुतलेला न्हाय. तळ्यात माझ्या पोरानं, कृष्णानं सोडलेले मासे हायत, विष असतं तर आधी मासे उलटे झाले असते. आन् त्याच तळ्याचं पाणी तुझ्या मेंढ्या चार दिवस प्याल्या, तवा काय झालं न्हाय.

आन् तळ्याचं पाणी पाज, असं सांगितलं कुणी? म्याच. का सांगितलं ते तू इसरलीस? दोन वर्सांमागं पलीकडच्या मळ्यात ठिबकच्या ड्रमातलं पाणी प्याली तुझी कोकरं. पाणी कसं, आरशासारखं. त्यात युरिया कालवलेला. घटकाभरात सहा कोकरं फुगून गेली. तवापासनं तूच म्हणतीस, नितळ दिसतं तेच मारतं, हिरव्यात बेडूक राहतो, जिथं बेडूक राहतो तिथं मेंढी राहती. म्या तेच ध्यानात धरलं. ह्या साली तुमी आलात तवा पहिल्या दिवशीच म्हणाले, ड्रमाकडं फिरकू नका, मी तळ्याचं पाणी पाईपनं हौदात सोडते. जीव लावून केलं ते. आन् तू आळीत उभी राहून मला मारेकरीण म्हणतीस.

तू उरलेल्या मेंढ्या घेऊन चालती झालीस. मेलेल्या आमी पुरल्या. रानाच्या खालच्या अंगाला मोठा खड्डा घेतला, चुना-मीठ टाकलं. बोरीच्या गळ्यातली घंटी म्या काढून ठेवलीय.

ज्वारी अजून उंबऱ्यावर पडलीय. चिमण्या खातात. म्या झाडली न्हाय.

सत्यभामाक्का

सास्तूर
२१ एप्रिल

नीलम्मा,

पत्राची वाट न बघता मी काल मुरूमला येऊन गेले. शांतीच्या सासूनं दारातच सांगितलं, सून घरी न्हाय. दारात शांतीच्या चपला व्हत्या, त्या निळ्या पट्ट्याच्या, मागल्या दिवाळीला म्याच घेतलेल्या. मी पाणीसुद्धा न मागता परत फिरले. स्टँडावर बसून रडले, ते बी लिहिते, कारण लपवायची माझी रीत न्हाय.

शांते, तुला पण सांगते. तुझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू कुणी आणले व्हते?

बरं, गावात काय चाललंय ते ऐक. म्हणतात, धनगरांनी फवारलेला भाजीपाला चारला असंल. म्हणतात, तुरीचं भुसकट बुरशीचं असंल. कृष्णा तर छातीठोक सांगत सुटलाय, माझ्या तळ्याचा काय संबंध न्हाय, मेंढ्या आजारीच आल्या व्हत्या. पोराचं ऐकून क्षणभर मलाबी तसंच वाटलं. वाटलं ते वाटलं. मग बोरीचे डोळे आठवले आन् माझीच मला लाज वाटली. आजारी मेंढी अशी हौदाकडं पळत येत नसती. त्या संध्याकाळी त्या पळत आल्या व्हत्या, एकमेकीच्या पाठीवर पाय देऊन.

कृष्णाचे वडील गेल्यापासनं रान आमी दोघंच बघतो. तो शिकलेला, बारा ठिकाणचे व्हिडिओ बघून शेती करतो. मी अडवत न्हाय. पण त्या दिवसापासनं तो माझ्या डोळ्याला डोळा भिडवत न्हाय, हे म्या हेरलंय.

लोहाऱ्याहून जनावराच्या डॉक्टरीणबाई आल्या व्हत्या, मदिहा त्यांचं नाव. कमी बोलणारी पोरगी हाय. पुरायच्या आधी त्यांनी एक मेंढी फाडून बघितली. कलेजं सुजून काळं पडलेलं. तुकडा डब्यात घातला, तळ्याचं पाणी बाटलीत भरलं. म्या विचारलं, कुणी विष घातलं का. त्या म्हणाल्या, "मावशी, आत्ताच काही बोलत नाही. पण त्या हौदाला कुणाला हात लावू देऊ नका."

तुझ्याजवळ निम्म्या मेंढ्या हायत. त्यांना काय पाजतीस? कुठं हायस?

सत्यभामाक्का

सास्तूर
२५ एप्रिल

शांतम्मा, हे पत्र पोस्टात न टाकता मुरूमच्या गाडीच्या कंडक्टरकडं देतेय. मिळालं की हातातलं काम टाकून आईला गाठ. रुसवा नंतर. आधी हे वाच.

नीलम्मा, हिरवं पाणी पाजू नको. कुठलंच हिरवं पाणी पाजू नको.

काल मदिहाबाई परत आल्या. तळ्यातलं पाणी त्यांनी आमच्याच काचेच्या ग्लासात भरलं आन् ओट्यावर ठेवलं. म्हणाल्या, "हलवू नका, बघत बसा." मी बघत बसले. हळूहळू ते हिरवं सगळं वर आलं. दुधावर साय धरती तसं. खालचं पाणी मोकळं झालं. मग त्यांनी काडी बुडवून काढली. शेवाळ असतं तर काडीला दोरे लोंबले असते. हे तर रंगाच्या डब्यातनं काढल्यासारखं काडीला लागलं.

"मावशी, हे शेवाळ नाही," त्या म्हणाल्या. "हे डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत, कोटीनं. त्यांच्यातल्या काही जातींच्या अंगातच विष असतं. कुणी घालावं लागत नाही. पुण्याच्या तपासणीतून पक्कं कळेल, पण मेंढीचं कलेजं मी पाहिलंय."

म्या म्हणाले, बाई, चार दिवस तेच पाणी प्याल्या की त्या. तवा त्यांनी विचारलं, त्या संध्याकाळी वारा होता का. व्हता, नीलम्मा. आठव. वावटळ सुटली व्हती, तुझा पदर बाभळीत अडकला व्हता आन् आपण दोघी हसलो व्हतो. त्या वाऱ्यानं तळ्याभर पसरलेली सगळी साय एका कोपऱ्याला लोटली. आन् आमचा पाईप त्याच कोपऱ्यात. म्या नळी ओढून हौदात सोडलं ते पाणी न्हवतंच, निव्वळ ती साय व्हती. म्या माझ्या हातानं सोडलं. तू उभी व्हतीस शेजारी. म्हणालीस, आज लई हिरवं हाय, म्हंजे चांगलं हाय.

मला अजून हे खरं वाटत न्हाय. आपण त्या युरियाच्या पाण्याला भिऊन, इचार करून, जपून जपून मेंढ्यांना ह्या पाण्यावर आणलं. आपल्या शहाणपणानं आणलं. काल सांजच्याला भाकरी थापायला बसले आन् हात तव्यावर तसाच राहिला, भाजला तवा कळलं.

बेडकाचं बी विचारलं म्या. त्या म्हणाल्या, बेडूक असला म्हणून पाणी चांगलं, असं काही नसतं.

आता नीट ऐक, शांते, हे एकेक करून सांग. पाण्यावर रंगासारखी साय दिसली की लांब राहा. काचेत किंवा साध्या बाटलीत भरून ठेवा, हिरवं वर आलं की ते पाणी टाकून द्या, पण ओढ्यात टाकू नका. वारा ज्या अंगाला वाहतो त्या काठाला मेंढ्या मुळीच नेऊ नका. आन् सगळ्यात मोठं म्हंजे उकळून विष जात न्हाय. तू भात शिजवायला पालावर तेच पाणी घेतीस, ते मला ठाऊक हाय. तुझी उकळायची सवय इथं कामाची न्हाय.

एवढं हिरवं आलं कुठनं, ते बी म्या विचारलं. बाई म्हणाल्या, "खत जमिनीत टाकलं की पीक खातं. पाण्यात गेलं की पाणी स्वतःच पीक काढतं. उन्हाळ्यात पाणी आटतं, खत तेवढंच राहतं. तळ्यात काय काय टाकता?"

मी कृष्णाकडं बघितलं. तो खाली वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसला, चपल धड व्हती तरी.

तुझ्या वाटंवर प्लास्टिक घातलेली अशी किती तळी हायत, म्या मनात मोजायला लागले आन् मोजणं सोडून दिलं. हे पत्र तुला वेळेत मिळू दे.

सत्यभामाक्का

सास्तूर
१ मे

नीलम्मा,

कंडक्टर म्हणाला, पत्र शांतीच्या हातात दिलं, तिनं घेतलं. म्हंजे तुला कळलं असंल. कळलं असंल असं मी धरून चालतेय, न्हायतर माझा जीव थाऱ्यावर राहायचा न्हाय.

परवा पहाटं तळ्यातले मासे मेले. सगळे वर आले, पांढरी पोटं करून. कृष्णा काठावर उकिडवा बसला व्हता. बाईंना फोन केला तर म्हणाल्या, ते हिरवं मरायला लागलं की पाण्यातली हवा संपवतं, मासे गुदमरतात. म्या म्हणाले, मग औषध मारून ते हिरवं एकदाच संपवू का. त्या ओरडल्याच, म्हणाल्या, तसं केलं तर मेलेल्यातनं सगळं विष एकदम पाण्यात सुटंल. मग उपसून ओढ्याला सोडू का? तर म्हणाल्या, खालची गावं काय पितात? मग रानात सोडू का? तर म्हणाल्या, आता नको, थांबा.

म्हंजे करता काहीच येत न्हाय. बाभळीच्या फांद्या तोडून तळ्याभोवती कुंपण घातलंय आन् बसलोय बघत. पन्नास वर्सं मी शेती केली. बिघडलेलं पीक मोडता येतं, नांगर घालता येतो. हे पाणी मोडता येत न्हाय.

आता जे लिहायचंय ते लिहिते. तुझ्यापासनं लपवलेलं न्हाय, पण मागल्या पत्रात हात पुढं गेला न्हाय.

तळ्यात खत कृष्णानं टाकलं. पाणी हिरवं झालं की मासा पोसतो, असं त्यानं कुठंतरी बघितलं. ते खोटं बी न्हाय म्हणं, चिमटीनं टाकायचं असतं. ह्यानं सुपर फॉस्फेटची पोती ओतली. वर शेणखत पाहिजे, तर आता गोठ्यात जनावर कुठं हाय? ट्रॅक्टर आला, बैल गेले. मग ह्यानं लेंडीखत टाकलं. कुठलं लेंडीखत? नीलम्मा, मागल्या साली तुझा कळप जिथं बसला तिथलं. तुमी गेल्यावर म्याच ते झाडून पोत्यात भरून ठेवलं व्हतं, परसातल्या वांग्यांना म्हणून. माझ्या डोळ्यासमोर पोरगं एकेक पोतं घेऊन जायचं. म्या विचारलं बी, कुठं नेतोस. म्हणाला, मासे मोठे हुतील आई. म्या म्हणाले, हू दे.

तुझ्या मेंढ्यांच्या लेंड्या. त्याच फिरून त्यांच्या पोटात गेल्या.

तुझी सासू माझ्या सासूला म्हणायची ते आठवतंय का? पारावर बसून तंबाखू मळत म्हणायची, तुमचं धाट आमच्या पोटातनं तुमच्याच रानात, मग भांडायचं कशाला. मला तवा ते नुसतं बोलणं वाटायचं. आता कळतं, ती म्हातारी एक फेर सांगत व्हती. धस्कट, मेंढी, लेंडी, माती, ज्वारी, परत धस्कट. त्यात कुणाचं काय वाया जात नव्हतं आन् कुणी मरत नव्हतं. खत तेच हाय, नीलम्मा. मातीत पडलं असतं तर ज्वारी झाली असती. आमी उचलून भलतीकडं ठेवलं.

रात्री म्या कृष्णाला म्हणाले, सांग एकदा तोंडानं. तो म्हणाला, "आई, मला काय माहीत व्हतं?" म्या म्हणाले, मला तरी कुठं व्हतं. जेवण तसंच झाकून ठेवलं.

मी आता गावोगाव जाते. माकणीकडं गेले, होळी गावाला गेले. जिथं तळं दिसंल तिथं उभी राहून मालकाला हाक मारते आन् सांगते. काही ऐकतात. एक जण म्हणाला, म्हातारे, तुझं तळं नासलं म्हणून सगळ्यांची नासली का. म्या त्याच्याच घरातनं काचेचा ग्लास मागून घेतला, त्याच्याच तळ्यातनं भरला आन् त्याच्याच ओट्यावर ठेवून चहा होईस्तोवर बसले. चहा आला तोवर ग्लासात साय धरली व्हती. चहा तसाच राहिला, तो तळ्यावरनं म्हशी हाकलायला पळाला.

बोरीची घंटी ह्या पत्राबरोबर पाठवतेय. माझ्याकडं ठेवायचा मला अधिकार न्हाय. तू मला शिव्या दे, पण पाण्याचं ऐक. माझं ऐकू नको वाटलं तर मदिहाबाईंचं ऐक.

सत्यभामा

सास्तूर
७ मे

नीलम्मा,

समोर ग्लास ठेवलाय आन् लिहितेय. कंडक्टरची गाडी दुपारी परत फिरती, तोवर हे पुरं करायचंय.

सकाळी तो दारात आला. हातात दोन बाटल्या, सरबताच्या. एकीत हिरवं पाणी, एकीत नितळ. दोन्हींच्या गळ्याला लोकरीचा दोरा बांधलेला, तुझ्या हाताची गाठ. मी ओळखली. शांतीची चिठ्ठी व्हती, एकाच ओळीची. "आई विचारते, यातलं कुठलं पाजायचं?"

खाली लिहिलंय, हिरवं तळ्याचं, नितळ ठिबकच्या टाकीचं.

म्या चिठ्ठी हातात घेऊन तशीच उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, जेवळीच्या फाट्यावर कळप झाडाखाली अडवून धरलाय. बसवराज काठी आडवी लावून उभा हाय, मेंढ्या पाण्याकडं ओढ घेतायत आन् तू त्यांच्यापुढं मातीत बसलीयस. काल दुपारपासनं त्यांना पाणी न्हाय. वर म्हणाला, एका मेंढीच्या गळ्यात घंटी वाजत व्हती.

तेवढं ऐकून मी ग्लास धुवायला आत गेले. त्याच्यासमोर तोंड वाकडं व्हायला लागलं व्हतं.

हिरव्याचं सांगते. ग्लासात ओतून तासभर झाला. साय वर आलीय. काडी बुडवली, काडी रंगली. हे पाजू नको. म्हणावं त्या तळ्याच्या मालकाला, मी उद्या येते.

आता नितळ. ते दुसऱ्या ग्लासात ओतलंय. नीलम्मा, मी त्याच्यापुढं नुसती बघत बसलेय. त्यात काही वर येत न्हाय, काही खाली बसत न्हाय. वास घेतला, वास न्हाय. कृष्णाला विचारलं, ह्याच्यात युरिया हाय का. तो म्हणाला, टाकीत कधी टाकतात, कधी न्हाय, मालकाला ठाऊक. मदिहाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, डोळ्यांनी सांगता येत नाही, मावशी.

हिरव्याला आता माझा डोळा बसला. नितळाला कुणाचाच डोळा बसत न्हाय. साधं पाणी हाय ग्लासात, सूर्याचा उजेड आरपार जातोय, आन् ते मेंढीला द्यायला माझा हात धजत न्हाय. माझ्या आईनं मला शिकवलं व्हतं पाणी कसं बघायचं ते. तुझ्या आईनं तुला शिकवलं असंल. ते सगळं फुकट गेलं. म्हातारपणी आपण दोघी पाण्याला अडाणी झालो. मला ह्याचं लई भ्या वाटतंय.

म्हणून दोन्ही नको.

मी असं मोठ्यानं म्हणाले तवा कृष्णा ओसरीवर उभा व्हता. आठ दिवसांत माझ्याशी धड बोललेला न्हाय. खाली उतरला आन् ट्रॅक्टरला टँकर जोडायचा आवाज आला. मी मागं गेले तर टँकर आतनं घासत व्हता, घमेल्यात माती घेऊन. दोनदा घासला. मग जुन्या गावच्या आडावर, विहिरीवर नेला. भूकंपानंतरच्या नव्या गावात नळ आले तरी आडाला अजून पाणी हाय, आन् आडाच्या अवतीभवती रान न्हाय, खत न्हाय. आजूबाजूच्या बाया अजून पूजेला तिथलंच पाणी नेतात. बादलीनं ओढून ओढून त्यानं टँकर भरला. आळीतली पोरं, बाया, सगळी मागं लागली. ज्यांच्यादेखत तू पोतं उपडं केलं व्हतंस, त्याच बायांनी दोर ओढला.

तू म्हणशील, ह्या पाण्याचं तरी कशावरनं. बरोबर हाय तुझं. तुझ्या जागी मी असते तर म्या बी इचारलं असतं. म्हणून भरलेल्या टँकरची तोटी सोडून तांब्याभर पाणी कंडक्टरसमोर म्या आधी प्यालेय, आन् माझ्यामागनं कृष्णा प्यालाय. घटका झाली, आमी दोघंबी धड हाव. कंडक्टरला इचार.

ट्रॅक्टर हे पत्र पोचायच्या आधी तुझ्याकडं येईल. कृष्णा पुढं येऊन काय बोलणार न्हाय, ते त्याला येत न्हाय. मेंढ्यांना पाणी पाजायची डोण तो बरोबर आणतोय. मेंढ्या एकदम सोडू नका, तहानलेल्या हायत, थोड्या थोड्या पाजा. बोलायचं नसंल तर बोलू नकोस त्याच्याशी. पाणी संपलं की रिकामा टँकर परत पाठव, तो उद्या पुन्हा भरून आणील, पाऊस पडंपर्यंत आणील.

फोन अजून उचलत न्हाईस. राहू दे.

दोन्ही बाटल्या राखेनं घासून, धुऊन परत देतेय. दोरे तसेच ठेवलेत. पुढल्या पाण्याला लागतील.

सत्यभामाक्का